खिळे वितळले, कागद उरला

कॉम्प्युटरच्या धंद्यात असलेल्या माणसाला लग्नाकार्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "आमचा लॅपटॉप फार स्लो झालाय, काय करावं?" दुसरा जरा वयस्कर मंडळींकडून येतो, "काय रे, आता छापील पेपर बंदच पडणार ना?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यात मात्र थोडासा आरोप मिसळलेला असतो. जणू इंटरनेट मीच, इंजिनिअरिंगला असताना, सबमिशनच्या गडबडीत बनवून टाकलं :-)

गेले काही शनिवार-रविवार या विषयावर जमेल तसं वाचतोय. वाचता वाचता पेपर बंद पडणार का, हा प्रश्न मागे राहिला आणि दुसऱ्याच एका प्रश्नाने डोकं खाल्लं. १८३२ साली निघालेला मराठी पेपर आज मला वाचता येतो. मग २००३ सालच्या मराठी पेपराची इंटरनेट आवृत्ती का वाचता येत नाही? आणि आज आपण मोबाइलवर जे वाचतोय ते २१०० साली कोणाला वाचता येईल का?

आधी बंद पडण्याचं बघू, कारण ते खोटं नाहीच. व्हिएन्नाचं 'विनर झायटुंग' हे १७०३ साली सुरू झालेलं वृत्तपत्र. त्याने ३० जून २०२३ ला रोजची छापील आवृत्ती बंद केली. म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव राजाराम महाराज गेल्यावर तीन वर्षांनी सुरू झालेला पेपर आपल्या डोळ्यांदेखत थांबला. आणि का? तर कंपन्यांनी आपल्या नोटिसा त्या पेपरात पैसे देऊन छापल्याच पाहिजेत, ही कायद्यातली सक्ती काढून टाकली म्हणून. लंडनचा 'इंडिपेंडंट' मार्च २०१६ मध्ये छापायचा थांबला. 'न्यूजवीक'ने २०१२ च्या शेवटी छपाई बंद केली, २०१४ मध्ये पुन्हा सुरू केली. आपल्या मुंबईत २००५ मध्ये गाजावाजा करून आलेला 'डीएनए' ऑक्टोबर २०१९ मध्ये कागदावरून गेला.

या सगळ्यात एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. इंटरनेटने पेपरकडून सगळ्यात आधी बातमी काढून घेतली नाही. आधी काढून घेतल्या त्या छोट्या जाहिराती. आपण पेपरला जे पैसे देतो त्यात कागदाचाही खर्च नीट निघत नाही. (त्यातले काही तर आपण रद्दीवाल्याकडून परत वसूल करतो!) बाकीचा भार जाहिरातींवर. वधू पाहिजे, वर पाहिजे, वन रूम किचन भाड्याने देणे आहे, अनुभवी अकाउंटंट पाहिजे... या दोन-दोन ओळींच्या जाहिरातींनी पानंच्या पानं भरायची. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे लग्नाच्या आणि नोकरीच्या साइट्स निघाल्या आणि ते दुकान हळूहळू तिकडे हललं. त्यात कागद महाग. जुलै २०१९ च्या बजेटमध्ये आयात कागदावर १० टक्के कस्टम्स ड्युटी बसली, फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ टक्क्यांवर आणली. तोवर उत्पन्नाची जुनी घडी विस्कटायला लागलीच होती.

पण, आणि हा 'पण' महत्त्वाचा, पेपर बंद पडणं ही काही इंटरनेटने लावलेली नवी रीत नाही. मराठी नियतकालिकांचा इतिहास काढून बसलात तर बंद पडलेल्यांची यादी चालू असलेल्यांपेक्षा कितीतरी लांब निघते.

सुरुवातच बघा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत 'दर्पण' काढलं. एका बाजूला मराठी मजकूर, शेजारी इंग्रजी. आधी पाक्षिक, मग काही महिन्यांत साप्ताहिक. १८४० मध्ये ते बंद झालं. साडेआठ वर्षं. त्याच वर्षी बाळशास्त्र्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केलं, तेही पुढे थांबलं. १८४१ मध्ये भाऊ महाजनांनी 'प्रभाकर' काढलं, तेही आज नाही. १८४९ मध्ये पुण्यात 'ज्ञानप्रकाश' निघालं, १९०४ मध्ये दैनिक झालं, शंभरी गाठून संपलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ ला सुरू झाली आणि सात-आठ वर्षांत संपली. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत निघाला, आज तो नाही. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाली, तेव्हा इंटरनेटचं नावही कोणाला माहीत नव्हतं. १८८१ पासून आजपर्यंत चालू असलेला 'केसरी' किंवा १९३२ च्या १ जानेवारीला ना. भि. परुळेकरांनी सुरू केलेला 'सकाळ' ही अपवादाची उदाहरणं.

म्हणजे मरण छापील पेपरालाही चुकलेलं नाही. मग फरक कशात आहे?

फरक हा, की मेलेले पेपर आपल्याला वाचता येतात. 'दर्पण' बंद पडल्यावर तब्बल एकशे दहा वर्षांनी, १९५० मध्ये, ग. गं. जांभेकरांनी बाळशास्त्र्यांचं लेखन गोळा करून खंडांच्या रूपाने छापलं. गोळा करता आलं, कारण कुठेतरी अंक होते. 'प्रभाकर'मध्ये १८४८ ते १८५० या काळात लोकहितवादींनी पत्रं लिहिली. आज आपण ती 'शतपत्रे' म्हणून पुस्तकातून वाचतो, पण मुळात ती एका साप्ताहिकात येणारी सदरवजा पत्रं होती. आठवड्याचा अंक आला, वाचला, बाजूला टाकला, असाच तोही मामला असणार. कोणीतरी तो बाजूला टाकण्याऐवजी बांधून ठेवला म्हणून मराठीतलं एवढं मोठं समाजचिंतन शिल्लक राहिलं.

सगळ्यात मला हलवून गेली ती 'मूकनायक'ची गोष्ट. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेब आंबेडकरांनी हे पाक्षिक सुरू केलं. वय अठ्ठावीस. (माझ्या आसपासचंच वय. मी या वयात अप्रेझलचे फॉर्म भरतोय. असो.) शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली होती. बाबासाहेब पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेले, इकडे पैशांची ओढाताण, आणि तीनेक वर्षांत 'मूकनायक' बंद पडलं. १९२७ मध्ये त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढलं, तेही १९२९ मध्ये थांबलं. धंद्याच्या भाषेत बोलायचं तर दोन्ही 'फेल' प्रोजेक्ट्स. जाहिराती नाहीत, वर्गणीदार गरीब, मागे मोठा छापखाना नाही.

आणि तरीही १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक'चे उपलब्ध अंक एकत्र करून खंड काढला. आता यातला 'उपलब्ध' हा शब्द परत एकदा वाचा. सगळे अंक नव्हते. जे होते ते मात्र कुठल्याही खास यंत्राशिवाय, कुठल्याही परवानगीशिवाय, सत्तर वर्षांनी डोळ्यांनी वाचता आले. ज्यांचा आवाज त्या काळातल्या मोठ्या पेपरांत क्वचितच उमटायचा, त्यांचा आवाज कागदाच्या या एका गुणामुळे पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचला.

इथे कायद्याचाही एक धागा आहे. इंग्रजांनी १८६७ मध्ये छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. सत्तावनचा उठाव होऊन दहा वर्षं झाली होती, कोण काय छापतंय यावर नजर हवी होती. देशी पेपरांत काय येतंय याचा इंग्रजी गोषवारा सरकारी कचेऱ्यांत नियमित तयार व्हायचा. उद्देश पाळत ठेवण्याचा. पण आज इतिहासकार हेच गोषवारे उघडून बसतात! स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये आपण वेगळा कायदा केला आणि १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रंही आणली. प्रत्येक अंकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठराविक ग्रंथालयांना पाठवायची. त्यांतलं एक आपल्या मुंबईत, टाउन हॉलमध्ये आहे. याशिवाय ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) अशा लोकांनी उभ्या केलेल्या संस्था. सरकारने नाही जपलं तर लोकांनी जपलं, लोकांनी नाही तर पोलिसांनी :-)

आता २००३ कडे येतो.

आमचे आजोबा दहिवडीकडचे, निवृत्त शाळामास्तर. त्यांना पेपरात वाचकांची पत्रं लिहायचा नाद होता. छापून आलेलं प्रत्येक पत्र ते कापून, दोनशेपानी वहीत खळीने चिकटवायचे आणि खाली लाल पेनाने पेपरचं नाव नि तारीख टाकायचे. २००३ च्या दुष्काळात माण तालुक्यात चारा छावण्या होत्या. जनावरं घेऊन छावणीवरच मुक्काम ठोकलेली माणसं दिवस कसा काढतात, यावर त्यांचं एक पत्र जिल्हा पुरवणीत छापून आलं होतं. माझा काका तेव्हा अमेरिकेत नवीनच गेलेला. त्याने तेच पत्र त्या पेपरच्या साइटवर वाचलं आणि हरखून जाऊन पत्ता ईमेलने पाठवला. आजोबांनी कोणाकडून तरी त्या ईमेलचा प्रिंटआउट काढून घेतला आणि तोही वहीत चिकटवला. म्हणजे कात्रणही आहे आणि साइटचा पूर्ण पत्ताही आहे. इतका स्वच्छ टेस्ट डेटा मला ऑफिसातही कधी मिळत नाही.

मी तो पत्ता जसाच्या तसा टाइप केला. पान सापडलं नाही. हे अपेक्षितच होतं. मग इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर गेलो. ही संस्था १९९६ पासून जगभरच्या साइट्सच्या प्रती साठवते. तिथे त्या पुरवणीचं, त्याच आठवड्यातलं एक पान निघालं. आनंद झाला. पान उघडलं तर समोर हे: इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं, डॉलर, टक्के, उलटेसुलटे कंस. कढईत सगळं टाकून परतल्यासारखं. मराठीचं एक अक्षर नाही.

पेपर कोणता ते सांगत नाही, कारण त्यात एकट्याचा दोष नाही. त्या काळात जवळजवळ सगळ्या मराठी साइट्सची हीच गत होती. का, ते जरा सोपं करून सांगतो.

कॉम्प्युटरच्या पोटात अक्षरं नसतात, आकडे असतात. इंग्रजीतल्या कॅपिटल 'ए'चा आकडा ६५, हे जगभर ठरलेलं. देवनागरीसाठी असे ठरलेले आकडे नव्हते असं नाही. आपल्या भारतीय मानक ब्यूरोचं 'इस्की' नावाचं मानक १९९१ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण पेपर ज्यावर जुळवला जायचा त्या पेजमेकर, क्वार्कसारख्या सॉफ्टवेअरना आपली जोडाक्षरं, वेलांट्या, रफार हा प्रकार झेपत नव्हता. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक जुगाड केला. इंग्रजी अक्षराचं चित्र काढून टाकायचं आणि तिथे मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. फाइलमध्ये आकडा ६५ च, पण पडद्यावर दिसणार समजा 'अ', किंवा अर्धा 'क', किंवा नुसती वेलांटी. कॉम्प्युटरला वाटतंय आपण इंग्रजी छापतोय, वाचणाऱ्याला दिसतंय मराठी. सगळे खूश.

जुगाड म्हणून तो अफलातून होता, यात शंका नाही. त्याच्या जोरावर तालुक्या-तालुक्यात डीटीपी सेंटरं निघाली, लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं स्वस्तात छापलं जाऊ लागलं. पण कुठल्या आकड्यावर कुठलं चित्र बसवायचं हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. श्री-लिपीचं वेगळं, आकृतीचं वेगळं, सी-डॅकच्या फॉन्टचं वेगळं. कागदावर छापेपर्यंत काहीच बिघडत नव्हतं. मग साधारण २००० च्या आसपास पेपरांनी तोच मजकूर उचलून इंटरनेटवर टाकला, आणि सोबत 'आमचा फॉन्ट डाउनलोड करा' अशी पाटी लावली. काहींनी पान उघडलं की फॉन्ट आपोआप यावा अशी सोय केली, पण ती त्या वेळच्या ठराविक ब्राउझरमध्येच चालायची. ते ब्राउझर गेले. इंटरनेट एक्सप्लोररसुद्धा मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केला. फॉन्टच्या फाइली कुठल्या कुठे गेल्या. उरला तो परतलेला मसाला.

आता याची तुलना जुन्या छापखान्याशी करून बघा. जुळारी शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायचा. देवनागरीला इंग्रजीच्या कितीतरी पट जास्त खिळे लागायचे, प्रत्येक छापखान्याचे खिळे थोडे वेगळे असायचे. पुढे ऑफसेट आलं, छापखाने बदलले, खिळे मोडीत निघाले, वितळले. पण त्याने छापून झालेल्या पानाचं काहीच बिघडलं नाही. खिळा फक्त छापताना लागायचा. वाचताना लागायचा नाही. २००३ च्या साइटचा खिळा, म्हणजे फॉन्ट, मात्र प्रत्येक वेळी वाचताना लागत होता. तो हरवला आणि मजकूर मुका झाला. मला सगळ्या वाचनातून हाती लागलेली गोष्ट ती एवढीच.

आजोबांचं पत्र मी शेवटी वाचलं ते वहीतूनच. कागद पिवळा पडलाय, खळीचे डाग आलेत, पण एक अक्षर अडलं नाही.

"पण आता युनिकोड आहे ना राव?" असं तुमच्यापैकी माझे सगळे जातभाई म्हणणार. आहे, आणि ती फार मोठी गोष्ट आहे. आज मराठी मजकूर शोधता येतो, कॉपी करता येतो, पन्नास वर्षांनी उघडला तरी अक्षरं मराठीच दिसतील. पण अक्षर सुटलं म्हणून प्रत सुटली असं नाही. साइटचं सॉफ्टवेअर बदललं की जुने पत्ते मरतात. सर्व्हरचा खर्च कमी करायचा म्हटलं की सगळ्यात आधी जुना मजकूर डोळ्यांवर येतो, कारण त्यावर क्लिक कोण करतंय? आणि त्यातही पहिला बळी जिल्हा पुरवणीचा. पंतप्रधानांचं भाषण शंभर ठिकाणी सापडेल. छावणीवरच्या माणसांबद्दलचं पत्र एकाच ठिकाणी होतं. शिवाय छापलेली बातमी रात्रीत बदलता येत नाही. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो आणि दोन्ही अंक पुराव्याला राहतात. साइटवरची बातमी दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरी, मधली कुठे गेली याचा पत्ताच नाही.

२०२० च्या मार्चमध्ये याची झलक आपण सगळ्यांनी बघितली. लॉकडाउनच्या सुरुवातीला मुंबईत विक्रेत्यांनी काम थांबवलं आणि काही दिवस पेपर आलेच नाहीत. एप्रिलमध्ये राज्य सरकारच्या आदेशाने घरोघरी पेपर टाकायलाही काही काळ बंदी होती. पेपर निघत होते ते पीडीएफ म्हणून, व्हॉट्सॲपवर फिरत होते. आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या संकटाच्या त्या दिवसांचे पेपर आपल्यापैकी किती जणांनी जपलेत? मी तरी कोणाच्या माळ्यावर पीडीएफचा गठ्ठा बघितलेला नाही.

कागदाची आरती ओवाळायचीही माझी इच्छा नाही. लाकडाच्या लगद्याचा न्यूजप्रिंट आम्लामुळे पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि गंमत म्हणजे त्याआधीचा चिंध्यांपासून केलेला कागद त्याच्यापेक्षा जास्त टिकतो. वाळवी आहे, पूर आहे. १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यात किती घरांतले कागद वाहून गेले त्याची मोजदाद नाही. कागद टिकतो तो कागद म्हणून नव्हे. तो टिकतो कारण एका अंकाच्या हजारो प्रती निघतात आणि त्या हजारो वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात जातात. नऊशे नव्व्याण्णव रद्दीत जातात, एक दहिवडीतल्या वहीत राहते. आमच्या क्षेत्रात याला रिडंडन्सी म्हणतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९९९ मध्ये 'लॉक्स' नावाचा प्रकल्प सुरू केला, त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'भरपूर प्रती ठेवा, वस्तू सुरक्षित राहील' असा आहे. डिजिटल जर्नल्सच्या प्रती अनेक ग्रंथालयांनी आपापल्याकडे ठेवायच्या, ही त्यामागची कल्पना. आपल्या पेपरच्या साइटची मात्र प्रत एकच, आणि तिची किल्ली एकाच कंपनीकडे.

दुसऱ्या देशांनी काय केलं? न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००१ पासून जुने पेपर सगळ्यांसाठी फुकट उघडले. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये 'ट्रोव्ह' सुरू केलं. तिथे मशीनने वाचलेल्या मजकुरातल्या चुका साधे वाचक घरबसल्या दुरुस्त करतात, म्हणजे आख्खा देशच मुद्रितशोधक! ब्रिटनमध्ये एप्रिल २०१३ पासून तिथल्या साइट्सच्या प्रती ठेवण्याचा अधिकार ठराविक ग्रंथालयांना कायद्यानेच मिळाला. म्हणजे आपल्या १९५४ च्या कायद्याची डिजिटल आवृत्तीच म्हणा ना. पण तीही निर्धोक नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या कित्येक ऑनलाइन सेवा महिनोन् महिने बंद पडल्या. म्हणून परत तेच, एका ठिकाणी सगळं ठेवू नका.

मग छापील पेपरचं भवितव्य काय? ज्योतिष मला येत नाही, पण अंदाज सांगतो. सकाळी ताजी बातमी पोचवायचं काम कागदाच्या हातून गेलेलंच आहे, पेपर दारात पडेपर्यंत ती मोबाइलवर शिळी झालेली असते. सावकाश वाचायचं जे आहे ते कागदावर बराच काळ तग धरेल. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, ती प्रथा इतक्या वर्षांनीही जिवंत आहे आणि अजून दरवर्षी शेकडो दिवाळी अंक छापले जातात. रविवारच्या पुरवण्या, साप्ताहिकं, विशेषांक, असं काहीतरी महाग पण जपून ठेवण्यासारखं कागदावर राहील, आणि रोजचा पेपर पातळ होत जाईल.

त्याचं मला फार दुःख नाही. पेपर येतील, जातील, 'दर्पण'पासून तेच चाललंय. कागद दोन कामं एकदम करायचा. आज बातमी सांगायची आणि उद्यासाठी नोंद ठेवायची. दुसऱ्या कामाचे वेगळे पैसे कोणी कधी दिले नाहीत, ते आपोआप, फुकटात होत होतं. पहिलं काम मोबाइलने घेतलं. दुसरं कोणीच घेतलेलं नाही, आणि ते पडलंय हे अजून आपल्या लक्षातही आलेलं नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं काहीही रॉकेट सायन्स नाही. पेपरांनी रोजच्या आवृत्तीची एक साधी फाइल, चित्र नव्हे, युनिकोड मजकूर, दोन-तीन ग्रंथालयांना पाठवली तर जागा किती लागेल? वर्षभराचा मजकूर एका पेनड्राइव्हमध्ये आरामात मावेल. पाठवायची सक्ती हवी असेल तर छापील अंकांना आहे तशीच डिजिटल आवृत्तीलाही करता येईल. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये फिरवणारे प्रोग्रॅम लिहिता येतात. कुठल्या आकड्यावर कुठलं चित्र होतं तो तक्ता मात्र हवा, आणि तो ज्यांच्या डोक्यात आहे ती डीटीपीवाली माणसं अजून आपल्यात आहेत. वीस वर्षांनी नसतील.

मी माझ्यापुरतं एक काम हातात घेतलंय. वेबॅक मशीनवरच्या त्या पानातला कचरा आणि वहीतलं कात्रण शेजारी शेजारी ठेवून कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता बनवतोय. रोझेटा शिलेवर ग्रीक मजकुराच्या आधाराने इजिप्तची जुनी लिपी उलगडली, तसं काहीसं म्हणा हवं तर. माझी शिला म्हणजे खळीने चिकटवलेलं कात्रण. मूळ अक्षरं, काने-मात्रा लागल्या आहेत, जोडाक्षरं अजून त्रास देतायत. 'क्ष' कुठे लपलाय ते काही केल्या सापडत नाही.

तुमच्या घरी २००० ते २००८ च्या दरम्यानची कात्रणं असतील, किंवा तुमच्यापैकी कोणी त्या काळात डीटीपीचं काम केलं असेल आणि जुन्या फॉन्टची सीडी एखाद्या खणात पडून असेल, तर कृपा करून दिवाळीच्या साफसफाईत टाकून देऊ नका. आणि हो, कात्रणावर तारीख लिहिलेली नसेल तर आजच लिहून ठेवा. लाल पेनच हवं असं काही नाही.